तोगेत्सु पूल वगळून

तोकुजी निशिवाकीचा जन्म क्योतोतला आणि धंदा तातामीचा. घरोघरी जमिनीवर अंथरतात त्या जाड गवती तातामी आजाने शिवल्या, बापाने शिवल्या, आणि गुडघे पार कामातून जाईपर्यंत तोकुजीनेही शिवल्या. माणूस सरळ. पण घरात काही बिनसलं की सगळे एकच कारण सांगायचे : तोकुजीने पुलावर मागे पाहिलं.

त्याचं असं झालं. क्योतोत पोराला तेरावं वर्ष लागलं की नवे कपडे घालून होरिनजीच्या देवळात नेतात. तिथे देव अक्कल देतो. परतताना नदीवरचा तोगेत्सु पूल ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं की मिळालेली अक्कल गेली परत देवाकडे. तोकुजी अर्ध्या पुलावर असताना धाकटी बहीण फुसाए मागून ओरडली, "दादा, थांब ना!" तिच्या चपलेचा बंद तुटला होता. तोकुजीने वळून पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, परत जाऊन तिला पाठुंगळी घेतलं. आईने कपाळाला हात लावला.

पुढे तो परीक्षेत नापास झाला. पूल! सगळं शहर संगणक घेत असताना त्याने फॅक्सचं यंत्र घेतलं, तेही एकावर एक दोन. पूल! फुसाए मात्र तिच्या तेराव्या वर्षी नाकासमोर बघत चालत आली, भरपूर शिकली, थेट उत्तरेला होक्काइदोत मास्तरीण झाली आणि तिकडचीच झाली. दर नववर्षाला तिचा फोन यायचा. ठेवताना ती न चुकता विचारायची, "काय दादा, आली का अक्कल परत?" तोकुजी म्हणायचा, "वाटेत आहे."  सत्तरी उलटली तरी तिचं ते विचारणं त्याला लागायचंच.

यंदा वसंतात तिने कळवलं, ओसाकाला लग्न आहे, मधला एक दिवस तुझा, क्योतो दाखव. तोकुजीची इच्छा एवढीच होती की तो एक दिवस पुलाचं नाव न निघता पार पडावा. या वयात ती पुन्हा येते कधी? शेवटची आठवण तरी मूर्ख म्हणून राहायला नको.

जेवणं झाल्यावर त्याने भांड्यांचीच मांडामांड केली. लोणच्याची बरणी म्हणजे कियोमिझूचं देऊळ, चहाचा पेला म्हणजे सोन्याचा मंडप, मध्ये भाताचा वाडगा म्हणजे बाजार.

"सकाळी बरणी, मग वाडगा, दुपारी पेला," तो बायकोला म्हणाला.

इत्सुकोने विचारलं, "अहो, तुम्ही तरी पाहिलाय का तो मंडप?"

"शाळेच्या सहलीत."

"बसचं काय? पाहुण्यांनी भरून येतात सगळ्या. दोन सोडाल तेव्हा तिसरीत शिराल." तिने जेवायच्या दोन काड्या उचलून पलीकडे आडव्या ठेवल्या. "आणि हा पूल?"

"ती बाजू बंद आहे."

"नदी बंद आहे?"

तोकुजीने काड्या उचलून धुवायला टाकल्या.

फुसाए स्टेशनवर उतरली ती गोल, ठणठणीत, पांढऱ्या केसांची. बेत तिने शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "छान आहे रे दादा. पण आधी होरिनजी. माझ्या नातीला तेरावं लागलंय. पोरीला एवढ्या लांब आणणं जमलं नाही. तिच्या नावाने ताईत घेते आणि तिच्या वतीने पूल मीच ओलांडते. मागे न बघता. तुझा भरवसा नाही, तू मागे राहा."

झालं. बरणी, वाडगा, पेला, सगळं एका वाक्यात आडवं झालं.

देवळाच्या पायऱ्यांनी तोकुजीच्या गुडघ्यांची उरलीसुरली रया घालवली. ताईत घेऊन फुसाए पुलावर चढली आणि तरातरा निघाली. तोकुजी मागून, काठी टकटक वाजवत. अर्ध्यावर आला आणि डावा गुडघा अडला, म्हणजे पाऊल पुढे घ्यायलाच तयार नाही. त्याने लाकडी कठडा धरला. बाजूने लोक फोटो काढत चालले होते. फुसाए लांब लांब जात होती.

एक हाक पुरली असती. ती तोंडापर्यंत आलीही. पण तिच्या हातात पोरीची उभ्या जन्माची अक्कल होती. आपलं काय झालं ते पुरे, त्या लेकराचं नको. तोकुजी दात आवळून गप्प उभा राहिला आणि खाली पाण्याकडे बघत बसला.

वर पाहतो तर फुसाए वळलेली. सरळ त्याच्याकडे तोंड करून, पूल संपायच्या जरा अलीकडे. आणि चक्क परत येतेय!

"अगं ए, वळलीस कशाला!" तो ओरडला. "गेली ना!"

"तुझी काठी वाजायची थांबली," ती जवळ येऊन म्हणाली. "हाक मारायला काय झालं होतं?"

"पोरीची अक्कल गेली असती."

"म्हणून इथेच वाळत उभा राहणार होतास?"

फुसाएने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. पाठुंगळी घेण्याचं दोघांचंही वय नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मला भरपूर मिळाली होती, काय केलं मी तिचं? आई गेली तेव्हा मी होक्काइदोत होते. आईजवळ तू होतास. पोरीला थोडी कमीच असू दे. तुझ्याएवढी."

तोकुजीचे डोळे भरले. नाक ओढून तो म्हणाला, "मग ताईताचं काय करायचं?"

"तुला ठेव. फॅक्स विकायला उपयोगी पडेल."

सोन्याचा मंडप राहूनच गेला. दोघं पुलावरून आली ती अगदी हळू, आणि दर चार पावलांवर थांबून मागे बघत.