कार्बोरेटरातला कापूस
पेट्रोलचा वास आला, की मला चांदूर बाजारहून अमरावतीला जाणारा रस्ता आठवतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. दोन वर्षांच्या लेकीला घटसर्प झाला होता, घशात पडदा धरला होता आणि डॉक्टरांनी ताबडतोब अमरावतीला न्यायला सांगितलं होतं. यजमान परगावी, म्हणून कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी आपली जुनी, लांबलचक अमेरिकन मोटार ड्रायव्हरसह दिली. अर्ध्या वाटेत मोटारीनं आचके दिले आणि ती बंद पडली. इंजिनाचा आवाज थांबला, तेव्हा मांडीवरच्या लेकीच्या श्वासाची शिट्टी मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. दोन्हीकडे उन्हात कापसाची पऱ्हाटी उभी होती, माणूस एकही नाही. ड्रायव्हरनं कार्बोरेटर खोलून त्याच्या जेटमध्ये, पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, जोरात फुंकलं. पोरीच्या घशातही असंच फुंकता आलं असतं तर! गाडी सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली. “कापूस अडकून राहिला, बाई. जिनातल्या पोट्ट्यांनी पेट्रोल कापसातून गाळलं असन.” “मग आता?” “डिक्कीत जुना कार्बोरेटर हाये, तो बसवतो. पेट्रोल लय पेते म्हणून काढला होता, पन त्याचं भोक मोठं हाये, अडकनार नाही.” तो पान्यानं नट फिरवत होता आणि मी एकेका शिट्टीची वाट बघत होते. मोटार सुरू झाली, तशी शिट्टी त्या आवाजात बुडाली. अमरावती येईपर्यंत मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले. आता ती लेकच मला गाडीतून फिरवते. पेट्रोल पंपावर तिनं इंजिन बंद केलं, की मी बोलायची थांबते, तिचा श्वास ऐकू येईपर्यंत.