जपानी तात्यांची फेक

जपानी तात्या कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत; बाही धरत. बोलायचं असो की निरोप घ्यायचा असो, समोरच्याच्या सदऱ्याची बाही कोपराशी मुठीत घ्यायची आणि मगच तोंड उघडायचं. आमच्या पोशीर गावात त्यांच्याशी बोलून आलेला माणूस चुरगळलेल्या बाहीवरून ओळखू येई.

मोठ्या लढाईआधी ते आगबोटीवर भट्टीत कोळसा लोटत. एकदा बोट जपानात दुरुस्तीसाठी रखडली, तेव्हा बंदरातल्या एका म्हाताऱ्याकडे ते जुजुत्सू ही तिकडची कुस्ती शिकले. शिकले म्हणजे एकच फेक: समोरच्याची बाही खेचून त्याला पाठीवर घ्यायचं आणि खांद्यावरून पुढे उताणं टाकायचं. गावी परतले ते ही फेक आणि कोळशाने पोखरलेली छाती घेऊन. आपल्याबरोबर ती फेक जळून जाऊ नये, एवढाच त्यांना ध्यास होता.

आम्ही तालमीतले गडी मोठ्या हौसेने त्यांच्या खळ्यावर गेलो. लंगोटावरच्या पैलवानाला बाही कुठली? म्हणून तात्यांनी भाताच्या गोणी उसवून डगले शिवले होते. अंग असं खाजायचं की सांगायची सोय नाही! पण खरी अडचण वेगळीच होती. तात्या आधी पडायला शिकवत, तेही पेंढ्यावर उताणं. आमची तर सगळी अब्रू पाठीवर. पाठ लागली की कुस्ती गेली. जो तो पडताना अंग वळवून हात टेकी. एकाचं मनगट मोडलं, तसे बाकीचे पांगले.

"पाठीला माती लागंल म्हनून हात मोडून घेतला," तात्या म्हणाले. "माती काय धुतली तर जात नाय का रं?"

मी राहिलो. सगळा उन्हाळा पडत राहिलो. मला टाकताना तात्यांचा श्वास भात्यासारखा वाजे. पण पाठ पेंढ्याला टेकेपर्यंत माझी बाही त्यांच्या मुठीत असे, आणि शेवटी ते ती किंचित वर ओढत. माझं डोकं कधी आपटलं नाही.

"टाकनं कुनालाबी येतं," ते म्हणत. "टाकलेल्याला सांबाळायचा, ती इद्या हाय. बाही सोडायची नाय."

पेरणीच्या तोंडावर एका सकाळी त्यांनीच डगला चढवला. "आज मला टाक."

"तात्या, तुमची छाती..."

"छाती माजी हाय. टाक."

मी बाही खेचली, वळलो, गुडघे वाकवले. तात्या माझ्यावरून गेले आणि पेंढ्यावर उताणे झाले. वजन असं राहिलंच नव्हतं. बाही माझ्या मुठीत होती. बराच वेळ ते आभाळाकडे बघत पडून राहिले.

"ऱ्हायली बाबा गावात," एवढंच म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

भाद्रपदात त्यांचा श्वास अडकू लागला. जाणाऱ्याला आमच्याकडे बाजेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, घोंगडी अंथरली. पुतण्यांनी पाय आणि कंबर धरली. मी एक हात मानेखाली घातला, दुसऱ्याने बाही धरली आणि पाठ टेकता टेकता ती किंचित वर ओढली. तात्यांनी डोळे उघडून माझ्या मुठीकडे पाहिलं. मग मिटले.

"सोड रं बाबा आता," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या.

मला सोडवेना.