साहेबांना खाली कोण उतरवणार?

घरी माळ्यावरचा डबा काढायला मी स्टुलावर चढलो की बायको दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरते आणि विचारते, "साइटवर लोकांना उंचीचे धडे देणारा तूच ना रे तो?" मी डबा घेऊन गपचूप उतरतो. मी खरोखरच बाळकुमच्या एका टॉवरच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे, आणि तिथे एका सकाळी माझी जी शोभा झाली ती मीच मूर्खासारखी घरी येऊन सांगितलेली.

साइटवर सेफ्टीला मुख्य कंपनीचा माणूस मी एकटा. बाकी सगळं ठेक्यावर. परांची बांधणारे वेगळे, रंगारी वेगळे, वायरिंगवाले वेगळे, त्यांच्याखाली पुन्हा पोटठेकेदार. काही झालं तर कोणी काय करायचं, याचे नियम मी लिहिलेले. काय सुंदर लिहिलेले हो! प्रत्येक नियमात माझा एक लाडका शब्द असायचाच, 'संबंधित'. संबंधित ठेकेदाराने तपासावे, संबंधित ठेकेदाराने खाली उतरवावे. हा शब्द टाकला की कागदही भरतो आणि आपणही मोकळे.

त्या दुपारी रंगारी बाहेरच्या भिंतीवर दोरीला लटकून काम सुरू करणार होते. म्हणून सकाळी मी त्यांना उभं करून भाषण ठोकलं. हा खांद्या-मांड्यांना बांधायचा सेफ्टी बेल्ट तुम्हाला पडू देणार नाही, पण नुसते लटकत राहिलात तर मांड्यांना पट्टे आवळतात, पायांत रक्त साचतं, माणूस बेशुद्ध होतो, मरूही शकतो. त्याला लगेच खाली घ्यायचं. समोर दोघं जांभया देत होते, एक तंबाखू मळत होता. झालं, मला चेव आला. म्हटलं, थांबा, दाखवतोच.

बेल्ट चढवला. पोटावरचा पट्टा काही केल्या पुरेना, दोघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे लागला. परांचीवाल्यांच्या मुकादमाने चेन ब्लॉकने, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायच्या कप्पीने, मला वर घेतलं. रंगाऱ्यांच्या डोक्याच्याही वर गेलो. सगळ्यांनी मोबाइल काढले. मी वरून हसलो आणि मास्तरांसारखं विचारलं, "आता समजा मी घसरून असा लटकलोय. मला खाली कोण उतरवणार?"

मुकादमाने चेन ओढली. हलेना. पुन्हा ओढली. अडकलेली.

"साहेब, ही जाम झाली," तो म्हणाला. "पण आमचं काम परांचीपुरतं. तुम्ही रंगकामाच्या ट्रेनिंगला लटकलाय, म्हणजे संबंधित हे."

बाजूलाच उभा असलेला रंगकामाचा ठेकेदार उसळलाच. "अरे वा रे वा! चेन तुझी, साहेब कंपनीचे, आणि संबंधित मी?"

माझ्या समोरच वायरिंगवाल्यांची शिडी होती, आसपास तेवढी एकच. खांबाला साखळी आणि कुलूप. वर माझ्याच सहीची पाटी: दुसऱ्या ठेकेदाराच्या सामानाला हात लावू नये. आठवड्यापूर्वीच ती शिडी उचलली म्हणून एका रंगाऱ्यावर मी आख्खी साइट गोळा होईल एवढा ओरडलेलो. किल्ली वायरिंगवाल्याकडे आणि तो माल आणायला मानपाड्याला गेलेला. फोन लागत नव्हता. खाली दोघांचं भांडण रंगात आलेलं.

आधी मला हसू येत होतं. मग पायांना मुंग्या आल्या. मग पायच कळेनासे झाले. घाम फुटला, कानांत घूं घूं सुरू झालं. सकाळपासून जे पोपटासारखं सांगत होतो ते सगळं ओळीने मला व्हायला लागलं आणि मी भयंकर घाबरलो. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"कुलूप तोडा रे!" मी ओरडलो.

मुकादमाने हातोडा उचलला आणि तसाच थांबला. "कोणाच्या नावावर तोडू, साहेब? उद्या तुम्हीच आम्हाला धराल."

"माझ्या! जबाबदारी माझी! तोड बाबा!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले, आणि तेही लटकत असताना. तीन घावांत कुलूप तुटलं. मघाचे दोन्ही भांडखोर एकाच शिडीवर चढले आणि मला पोत्यासारखं खाली घेतलं. मी खडीच्या ढिगाला टेकून बसलो, कोणीतरी पाणी दिलं. हसायला सुरुवात झाली तेव्हा मीही त्यांच्यात हसलो. करतो काय!

हसणं ओसरल्यावर तो तंबाखूवाला रंगारी जवळ येऊन बसला. आठवड्यापूर्वी त्या शिडीपायी माझ्या शिव्या खाल्लेला तोच. त्याने बेल्ट चढवलेला होता. "साहेब," त्याने विचारलं, "दुपारी मी वर अडकलो तर कोणाच्या नावावर?"

मी मान वर करून बघितलं. त्याची दोरी पार गच्चीवरून खाली आलेली. तिथे ना शिडी पोचणार होती, ना माझा आवाज.

म्हटलं, बेल्ट काढ. वरून कोण उतरवणार ते ठरेपर्यंत कोणी चढणार नाही. काम बंद.

थोड्याच वेळात प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला. "काम कोणाला विचारून थांबवलंत?"

"कोणालाच नाही, सर," मी म्हणालो. "जबाबदारी माझी." या वेळी पाय जमिनीवर होते.