कापसाच्या ढिगावरचा बोका

"बाई, हा वाचीन नं?" रहीमभाईंनी टेबलावर फडक्याची गाठ सोडली. आत बोका होता. गालाखाली लिंबाएवढी सूज, अंगात ताप, डोळे अर्धे मिटलेले.

मी तेव्हा वरवट बकालला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. आमचे पेशंट म्हणजे बैल, म्हशी, बकऱ्या. मांजर घेऊन येणारा विरळाच.

सूज कापली, पू काढला, धुतलं. बोक्यांचे दात सुईसारखे. चावल्याचं भोक वरून लगेच मिटतं, जंतू आत अडकतात आणि पू होतो. याला अॅब्सेस म्हणतात. खच्ची न केलेले, गावभर भांडत फिरणारे बोके यात हमखास सापडतात. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "जखम उघडी ठेवा. पू वाहू द्या."

तिसऱ्या दिवशी रहीमभाई पुन्हा हजर. सूज आधीपेक्षा मोठी. उघडून पाहते तर आत हळद लावलेला कापसाचा बोळा, वाळक्या पानाच्या चुऱ्यासकट.

मी भडकले. "हे कोणी कोंबलं?"

"म्या. घरचाच कापूस हाय."

"मी काय सांगितलं होतं?"

ते बोक्याच्या कपाळावरून बोट फिरवत राहिले. "हा ढिगावर झोपते, बाई. उघड्या जखमीत कचरा जाऊन राह्यला होता. म्हणून बुजवली."

बीटीचा कापूस. बोंडअळीतून वाचलेला, भाव वाढेल म्हणून घरात रचलेला. त्याला उंदीर लागू नयेत म्हणून बोका त्याच खोलीत.

"बायकोनं आणला होता याले. एवढासा होता. ते रमजानमधी गेली. आता घरात आमी दोघंच."

माझा राग कुठल्या कुठे गेला. सूचना देऊन मी मोकळी झाले होते, बोका राहतो कुठे हे विचारलंच नव्हतं. पुन्हा सगळं धुतलं. "याला ढिगापासून लांब ठेवा. जंतू रक्तात गेले तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"हाव," ते हळूच म्हणाले.

आठवड्याने आले तेव्हा जखम भरत आली होती आणि बोका माझ्यावर फिसकारत होता. मला फार बरं वाटलं.

"झोपवता कुठे याला?"

"माह्या बाजेवर."

"आणि तुम्ही?"

"ढिगावर. उंदीर कोन हाकलीन मंग?"

त्यांच्या दाढीत कापूस अडकला होता.

त्या दिवसापासून केसपेपरवर मी एक प्रश्न वाढवला: जनावर झोपतं कुठे? मालक कुठे झोपतो, हे विचारायची वेळ मात्र पुन्हा आली नाही.