आत्यानं बघितलेला रशियाचा नाच

रशियाचा नाच बघून आमच्या आत्यानं नवरा नाकारला.
भर दुपारी. बेंबळी गावात, दूध सोसायटीच्या गोदामात. अख्ख्या गावासमोर.

ती आत्या आज पहाटे गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, कमल. लहानपणी तापात ऐकू येणं गेलं, मग बोलणंही गेलं. गाव तिला मुकी म्हणायचं. घरात मात्र तिच्या हातांना उसंत नसायची. ती हातांची भाषा सगळ्यांत चांगली मला यायची, कारण मी तिच्याच कडेवर वाढले.

तिनं प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवलेलं.
सोसायटीचे चेअरमन म्हणजे पोटावरून गोल हात. माझे आजोबा, आबा, म्हणजे कपाळावर आठी. मला खळी पडते, म्हणून मी म्हणजे गालात खुपसलेलं बोट.
आणि तिचा नवरा म्हणजे मिशीला पीळ.

नवरा भूम तालुक्यातला. "मुकीसंगं संसार कसा करावा माणसानं?" म्हणत त्यानं वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडली आणि दुसरी केली.

मग ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या. सोसायटीतले दुधाचे कॅन पालथे पडले. आई आणि आत्या रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या.

त्यातच भूमहून निरोप आला. दुसरी माहेरी निघून गेली, भाकरी थापायला माणूस नाही, कमलला नांदायला पाठवा.

आबा हो म्हणाले.
आत्याला कुणी विचारलंच नाही. आईनं तिच्यासाठी नवं पोलकं शिवायला टाकलं, त्यावरून तिला काय ते कळलं.

त्याच आठवड्यात प्रल्हाददादा रशियातून आला. माझा चुलतभाऊ. स्कॉलरशिपवर तिकडं जाऊन इंजिनिअर झालेला, आमच्या बौद्धवाड्यातला पहिलाच. येताना त्यानं एक व्हिडिओ कॅसेट आणली. तिकडच्या टीव्हीवरून उतरवलेला बॅले, म्हणजे गोष्ट सांगणारा नाच. "हा खेळ तिकडंबी कधीमधीच लागतो," हे तो भेटेल त्याला सांगायचा.

गोष्ट होती तिथल्या सामुदायिक शेतीवरची. तेवढं ऐकून चेअरमननी ठरवून टाकलं की ही सहकाराची माहितीपर फिल्म आहे! उस्मानाबादहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. नारळ फोडला. सभासदांना दवंडी दिली. वर भाषणही केलं.

मशीन सुरू झालं. तिकडच्या टेपला इकडं रंगच येईना. सगळं काळं-पांढरं, आणि माणसं नुसती नाचतायत.

"बोलाय कवा लागत्याल?"
"न्हाय बोलत काका. नाचातच गोष्ट असती," दादा म्हणाला.
"आन् सोसायटी कुठं हाय ह्यात?"
"ते काय, गहू काढायलेत की."
"टाचा वर करून गहू निघतो व्हय रं?"

दादाचा चेहरा बघवत नव्हता.

एरवी पिक्चरला मी आत्याजवळ बसायचे, कोण काय बोललं ते तिला हातानं सांगायचे. त्या दिवशी माझे हात रिकामे. आत्याच मला ढोसून ढोसून सांगायला लागली.
ही बायको. हा नवरा. ती शहरातून आलेली पाहुणी. आता हा तिच्यामागं लागणार बघ.
लागला!

मी ते मोठ्यानं सांगायला लागले, तशी कुजबुज थांबली. एरवी मुकी म्हणणारी माणसंच विचारायला लागली, "कमलला विचार गं, आता काय झालं?"
इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

शेवटी नवरा मान खाली घालून परत येतो. बायको पाठ फिरवते, मग वळते आणि त्याचा हात धरते. सगळे आनंदानं नाचतात.
गोदामात टाळ्या पडल्या.

आत्या उठली. थेट टीव्हीपुढं गेली.
मिशीला पीळ दिला. भूमच्या दिशेला बोट केलं. छातीवर हात ठेवला, आणि तोच हात असा झटकला की बांगड्या वाजल्या.
मग पाठ फिरवून उभी राहिली. वळली मात्र नाही.

मागून आबांचा आवाज आला. "काय म्हणती ती?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.
"आत्या म्हणती, न्हाय. नांदायला जायची न्हाय."

चेअरमन आभार मानायला उठले होते, ते गुमान खाली बसले.
आबा म्हणाले, "बस म्हणाव तिला. न्हाय तर न्हाय."

मी तिच्यापुढं जाऊन हातानं सांगितलं. आत्यानं आबांकडं बघितलं, कपाळावर बोटानं आठी काढून दाखवली आणि खदाखदा हसली.

ते नवं पोलकं तिनं खडी फोडायला जातानाच घालून फाडलं. पुढं स्वतःची म्हैस घेतली. सोसायटीत दूध घालायची ते कमलच्या नावानं. दादाच्या कॅसेटला बुरशी लागली, पण आत्या घरातल्या नव्या सुनांना तो अख्खा नाच हातानं करून दाखवायची. शेवट अर्थात तिचा.

परवा भेटायला गेले तर डोळे मिटून पडलेली. मी हात हातात घेतला. तिनं तो सोडवला, चाचपडत वर आणला आणि माझ्या गालात बोट खुपसलं.
त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी नाही. रडू आवरत नाहीये.

सकाळपासून ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज येतायत. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून न्यायच्या आधी मी तिच्यापाशी बसले आणि हातानंच सांगितलं.
जा आत्या.

ह्या खेपेला ती न्हाय म्हणाली नाही.