चाकामागचा गोटा

सौंसरच्या गॅरेजसमोरच्या चढावर गाडी उभी करवून मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, दुरुस्त केलेला हँडब्रेक ओढलाय. आता पाय काढा, गाडी नाही जात." ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला आणि माझा पाय ब्रेकवरून उचलेचना.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, रामाकोन्याजवळच्या आमच्या संत्र्यांच्या बगीच्यात असाच वास सुटला होता. संत्र्यांनी भरलेली जीप चढावर बंद पडली. हँडब्रेकची केबल कधीचीच तुटलेली. आमच्या घरात ती कोणी दुरुस्त करत नसे, चाकामागे गोटा लावत. नेमका त्या दिवशी गोटा घरी राहिला होता. "ब्रेक दाबून ठेव, मी गोटा घेऊन येऊन राहिलो," म्हणत नवऱ्यानं मला आपल्या जागी बसवलं. मला गाडी येत नव्हती.

काळ्या मातीत गोटा लवकर कुठून सापडणार! आरशात उताराखाली संत्री निवडत बसलेल्या बाया दिसत होत्या. "बाजूला व्हा!" मी ओरडले. नवी सून गंमत करते असं वाटून त्यांनी हसत हात हलवले. माझी पोटरी दगड झाली, मग थरथरू लागली. नाकावरची माशी हाकलायचीही भीती वाटत होती.

नवरा आला, गोटा लावला आणि हसला. "पायच तर ठेवाचा होता. काऊन रडून राहिली?" मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

गॅरेजसमोर मी पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. उतरून डिक्की उघडली आणि आजही तिथं ठेवलेला गोटा दोन्ही हातांनी रस्त्याकडेला टाकला.