ज्या कूलरने माझं सॅम्पल भिजवलं

नाना सरांनी माझी पीएचडी जवळजवळ बुडवली होती.

तीही प्रेमापोटी.

नाना सर म्हणजे माझे गाइड. रिटायर होऊन धुळ्याला राहायला गेले होते. आज सकाळी देवाघरी गेले.

आमचा विषय होता प्रोटॉन वाहून नेणारं सिरॅमिक. त्यातले अणू सतत थरथरत असतात. वरून दाब दिला किंवा आत पाणी शिरलं, तर ती थरथर कशी बदलते, एवढंच मला बघायचं होतं.

घरी कोणाला ओ की ठो कळेना. मग सरांनीच आईला अहिराणीत सांगितलं, "अक्का, काळी-पिवळी गच्च भरनी तरी मानूस हालस, पन थोडा थोडा आनि भराभर. तसंच शे हाई. आनि मझार पाहुना घुसना का बठ्ठासनी चाल बदलस."

जीप गच्च भरली की माणसं थोडी पण भराभर हलतात, आत पाहुणा शिरला की सगळ्यांची चाल बदलते; आईला लगेच कळलं. मला दोन वर्षं लागली होती!

जळगावचा मे महिना. भट्टीशेजारी मी घामाने निथळतेय हे बघून सरांनी घरच्या हॉलमधला कूलर उचलून लॅबमध्ये आणला. त्यापायी बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, बोलणी खाल्ली ती वेगळी.

दाब द्यायचं मशीन परगावी होतं. मोठ्या मिनतवारीने नंबर लागला होता आणि त्यासाठी सॅम्पल कोरडं ठणठणीत हवं होतं.

निघण्याआधी चेक केलं, तर ग्राफमध्ये पाण्याची खूण. भट्टीतून काढलेल्या सॅम्पलमध्ये पाणी!

मी रडायलाच लागले.

सरांनी ग्राफ बघितला. मग कूलर बघितला. मग खो-खो हसत सुटले.

"पोरी, हाई बठ्ठं मना कूलरनं काम शे!"

भट्टी थंड होताना हे सिरॅमिक हवेतली वाफ पितं, हे आम्हा दोघांना तोंडपाठ होतं. पण कूलर दिवसभर तीच वाफ फेकतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुन्हा भाजलं. कूलर बंद, पंखा बंद. डोक्याला ओला रुमाल बांधून येणाऱ्याला सर दारातच अडवायचे. स्वतः बनियनवर बसलेले.

कोरडं सॅम्पल झालं. भिजलेलं मात्र त्यांनी फेकू दिलं नाही. "हेही ने. दोघांना दाबून बघ."

दाबल्यावर दोन्हींची थरथर वेगवान झाली, पण सारखी नाही. तो फरकच माझा थिसिस झाला.

सॅम्पलमध्ये पाणी कसं मुरवलं, ते व्हायवात परीक्षकांनी विचारलं, "हायड्रेशन कसं केलंत?"

सर मागून म्हणाले, "आधी जळगाव पद्धतीने. मग नीट."

आज त्यांच्या घरी गर्दी होती, उकडत होतं. सरांच्या उशाशी तोच कूलर घरघरत होता. का कोण जाणे, तो बंद करायला माझा हात बटणाकडे गेला.

काकूंनी तो धरला. "राहू दे पोरी. आज सॅम्पल नही शे."

आम्ही दोघी हसलो. मग मात्र रडू आवरलं नाही.

नाना सर, भर मे महिन्यात गारवा दिलात. या आता.